अर्ध्या काळ्या काचेचा दिवा

इनास, तू आयुष्यात अंधाराला कधी घाबरला नाहीस.

हे वाक्य माझं नाही. चर्चच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली तेव्हा आपल्या नगरसेवकांनी ते माइकवरून म्हटलं, दोनदा, आणि दुसऱ्या वेळी उजवा हात वर करून. ज्याने घरात सायकलचे एकोणचाळीस जुने दिवे जमवले तो उजेडाचा उपासक होता, असंही म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. रेजिनावहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून फक्त माझ्याकडे बघितलं. तू अडुसष्टाव्या वर्षीही ट्यूबलाइट चालू ठेवून झोपायचास, आणि रात्री मागच्या मोरीपर्यंत जायचं झालं तर काहीतरी निमित्त काढून वहिनींना उठवायचास, हे त्या हॉलमध्ये आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

ज्याला अंधाराची भीती नाही त्याला एकोणचाळीस दिवे कशाला लागतात, हा प्रश्न नगरसेवकांना पडला नाही. त्यांना दोष देत नाही. मलाही तो पडायला नऊ वर्षं लागली, आणि माझी तर नोकरीच ती आहे. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचे, कोण खरं बोलतंय आणि कोण भिऊन बोलतंय हे ओळखायचं. तुझ्या बाबतीत मी दिवे तपासत बसलो.

हे लिहितोय तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेत. साडेसहाला लोडशेडिंगमुळे आमच्या चंदनसारचे लाइट जातील. टेबलावर टॉर्च, मेणबत्ती आणि काड्यापेटी मांडून ठेवली आहे. टॉर्च दोनदा लावून पाहिली. ही सवय तुझी. मला कधी लागली ते कळलं नाही, आणि कळल्यापासून जाता जात नाही.

आपण तुळिंजला भेटलो ते आठवतं का? भंगारवाल्याच्या ढिगात सायकलचा एक दिवा पडला होता आणि आपण दोघांनी एकदमच त्याला हात घातला. मला तो टेबलावर शोभेला हवा होता. तू काही न बोलता खिशातून दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक काढलंस, मोडक्या स्पीकरमधलं. ते दिव्याला टक्कन चिकटलं.

"पत्रा आहे," तू म्हणालास. "म्हणजे लढाईतला, महायुद्धातला. आधीचा असता तर पितळेचा असता. पितळ सगळं काडतुसांना गेलं, सायकलला पत्रा उरला."

मी विचारलं, पत्रा तर आजही मिळतो, हा गेल्या वर्षीचा नाही कशावरून? तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलंस. शंका घेणारा माणूस भेटला की तुला बरं वाटायचं. मग तिथेच, बाजूला गंजलेल्या पंख्यांची चळत आणि समोर भंगारवाला कंटाळलेला, तू मला पहिला धडा दिलास. बघ, याला कुठेही चकचकीत मुलामा नाही, कारखान्यातूनच काळा निघालाय. काचेवर पत्र्याचं झाकण, त्याला आडवी चीर, आणि चिरेवर टोपीच्या पुढच्या पट्टीसारखी पट्टी. उजेड वर जाऊ नये म्हणून. मी विचारलं, विमानातून सायकलचा दिवा दिसतो का? "दिसत नाही," तू म्हणालास. "पण सरकारला तसं वाटत होतं."

त्यानंतर तू तो दिवा माझ्या हातात दिलास. तू घे, म्हणालास, माझ्या घरी जागा नाही. मी तुला फार उदार माणूस समजलो. पुढच्या रविवारी गिरीजला तुझ्या घरी आलो तेव्हा भिंतीवर बावीस दिवे होते आणि आणखी पन्नास मावतील एवढी भिंत मोकळी होती. दावे तपासणाऱ्याच्या नजरेला एवढं पुरायला हवं होतं. भिंतीवर पितळेचे होते, तेलाचे होते, तळाशी चुन्याचा पांढरा थर बसलेले, कार्बाइडच्या गॅसवर जळणारे होते, डायनॅमोचे होते. चीर असलेला, काच काळी केलेला, ब्लॅकआउटचा असा एकही नव्हता. पुढच्या काही वर्षांत आपल्याला तसे तीन मिळाले. तिन्ही तू माझ्याकडे ठेवायला दिलेस.

तुझ्या सगळ्या नियमांत एकच नियम पवित्र होता. रंग खरवडायचा नाही. चुंबक लाव, वास घे, नखाने वाजवून आवाज ऐक, भिंगातून बघ, पण पातं लावायचं नाही. खरवडला की दिव्याचं वय जातं आणि हातात पत्रा उरतो, असं तू म्हणायचास. एकदा वसईच्या बाजारात कोणीतरी दिवा सॅंडपेपरने घासून लखलखीत करून विकायला ठेवला होता, तेव्हा तू तोंड फिरवून उभा राहिलास, जणू कोणी कपडे काढले होते.

आणि आपलं कायमचं भांडण 'बहुधा' या शब्दावरून. मी प्रत्येक दिव्याची चिठ्ठी लिहायचो, कारण माझं अक्षर बरं. प्रत्येक चिठ्ठीत मी 'बहुधा' घालायचो. बहुधा विलायती, बहुधा लढाईच्या आधीचा. तू चिडायचास. बहुधा लिहायचं तर चिठ्ठी कशाला, तेवढं दिव्याला स्वतःलाच माहीत आहे, म्हणायचास. मी म्हणायचो, नक्की फक्त मेलेल्या माणसाबद्दल बोलता येतं. हे वाक्य मी तेव्हा किती सहज म्हणायचो.

लोडशेडिंग वाढलं तसं तुझं 'चेकिंग' सुरू झालं. लाइट जायच्या दहा मिनिटं आधी तू भिंतीवरचे दिवे काढायला लागायचास. सेल घातलेले चार, वात असलेले दोन. 'वापरात नसले की खराब होतात,' असं कारण. लाइट जायचे तेव्हा घरात सहा दिवे आधीच पेटलेले असायचे. शेजारचे हसायचे. वहिनी तुझ्याशी घरच्या बोलीत काहीतरी बोलायच्या, मला त्यातलं निम्मंच कळायचं, पण त्यात हसणं नसायचं. मी मात्र हसायचो. एकदा मी मुद्दाम एक दिवा फुंकून पाहिला. तू माझं मनगट धरलंस. इतकं घट्ट की वळ उठले. मग तू हात सोडलास आणि चहा घेणार का म्हणून विचारलंस. मी घेतला. काय झालं म्हणून मी विचारायला हवं होतं.

आता त्या संध्याकाळचं सांगतो, जिची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वहिनी चर्चमध्ये मिस्साला गेल्या होत्या. तू कपाट उघडलंस, शर्टांच्या मागून जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलंस आणि माझ्यापुढे ठेवलंस. काळा दिवा. हाताने, ब्रशने रंगवलेला. काचेचा वरचा अर्धा भाग काळा. आतली चकचकीत वाटीसुद्धा काळी केलेली. तू म्हणालास, घराचं कौलारू छप्पर काढून स्लॅब टाकला तेव्हा माळ्यावर सापडला. कधीचा आहे ते सांग.

मी म्हटलं, तू मला विचारतोस? मला जे येतं ते तूच शिकवलंस.

"म्हणूनच," तू म्हणालास. "माझी नजर या दिव्यावर चालत नाही. आणि बहुधा नको. नक्की लिही."

मला वाटलं, गुरूने शिष्याची परीक्षा घेतली. माझी छाती दोन इंच फुगली. मी चुंबक लावलं, भिंग लावलं, अर्धा तास त्या दिव्याभोवती एखाद्या तज्ज्ञासारखा डुललो आणि ऑफिसात लिहितो तसा अर्ध्या पानाचा अहवाल लिहिला. पत्रा. मुलामा दिसत नाही. काच ब्लॅकआउटच्या हुकमानुसार वरून अर्धी काळी. कारखान्याचं झाकण नाही, म्हणजे गरिबाने घरीच केलेली तजवीज. रंग जुना, कोरडा, तडकलेला. निष्कर्ष: दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, अस्सल. नऊ वर्षांत 'बहुधा' नसलेली ती माझी एकमेव चिठ्ठी.

तू ती वाचलीस. परत वाचलीस. मग उठून लाइटचं बटण दाबलंस. बाहेर अजून ऊन होतं. तू म्हणालास, "बरं झालं. कळलं एकदाचं." तुझा चेहरा राखेसारखा झाला होता आणि मी, इनास, मी समजलो की तू आनंदाने गहिवरलास. जाताना मी तुझ्या पाठीवर थाप मारली.

त्यानंतर आपले रविवार बंद झाले. गुडघा दुखतो, म्हणालास. दिवे एकोणचाळीसवर थांबले. मला वाटलं, वय.

गेल्या महिन्यात तुला हॉस्पिटलात ठेवलं. हृदयाचं होतं. वॉर्डातल्या लोकांची तक्रार होती की तू डोक्यावरची ट्यूब बंद करू देत नाहीस. सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, तुम्ही तरी समजवा. मी समजवायला बसलो तर तूच बोलायला लागलास, छताकडे बघत, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसा.

तू सहा वर्षांचा होतास. लढाई चालू होती. तुझे वडील पहाटेच्या गाडीला विड्याच्या पानांच्या करंड्या घेऊन सायकलवरून स्टेशनला जायचे. दिवे झाकायचा हुकूम होता, म्हणून त्यांचा दिवा काळा, काच अर्धी काळी, आतली वाटीही काळी. तुला तो फार आवडायचा. आदल्या संध्याकाळी तू तो खेळायला घेतलास, आणि वडील आल्याचा आवाज आला म्हणून माळ्यावर भाताच्या कणगीमागे लपवलास. पहाटे ते निघाले. रस्त्याच्या वळणावर बावखल होतं, वाडीला पाणी द्यायचं मोठं तळं. उजाडल्यावर लोकांना पाण्यावर पानं तरंगताना दिसली. सायकल काढली, वडिलांना काढलं. दिवा नव्हता.

आई म्हणाली, दिवा सायकलला होता, गाळात गेला.

"मी लपवला एवढं आठवतं," तू म्हणालास. "परत लावून ठेवला की नाही ते आठवत नाही. साठ वर्षं आठवून बघतोय, सावंत. कधी वाटतं ठेवला. रात्री वाटतं नाही ठेवला." मग थोडं थांबून म्हणालास, "माळ्यावर तो सापडला तेव्हाही मी स्वतःला सांगितलं, दुसरा असेल. म्हणून तुला दाखवला."

तुझ्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी एका माणसाला अर्ध्या पानात, चांगल्या अक्षरात, वडिलांच्या मरणाला जबाबदार धरलं होतं आणि वर पाठीवर थाप मारली होती.

तिथून निघालो ते थेट गिरीजला. मी काय शोधायला चाललो होतो ते मला माहीत होतं, माझाच अहवाल खोटा पाडणारा पुरावा, आणि तीच मोठी भीती होती. ज्या माणसाला एखादी गोष्ट सापडायलाच हवी असते, त्याला ती सापडते. असे शेकडो दावे मी नामंजूर केलेत.

वहिनींना म्हटलं, कपाटात शर्टांच्या मागे एक दिवा आहे, जरा काढा. त्या म्हणाल्या, कसला दिवा? दिवे भिंतीवर आहेत. स्लॅब टाकल्यापासून पाच वर्षं तो दिवा त्यांच्या कपाटात होता आणि तू तो त्यांना दाखवला नव्हतास. त्यांनी अभ्रा सोडला. दिवा हातात घेतला, उलटा केला आणि साध्या आवाजात म्हणाल्या,

"हा तर दादांचा. इथे काय करतो?"

दादा म्हणजे तुझे थोरले भाऊ, शाळामास्तर, मला न भेटलेले. वहिनी सांगायला लागल्या. एकाहत्तरच्या युद्धात दिवे झाकायचा हुकूम निघाला. दादांकडे शाळेचा फळा रंगवून उरलेला काळा रंग होता. त्यांनी सायकलचा दिवा अंगणात आणला आणि काच वरून अर्धी रंगवली. रंग उरला म्हणून आतून रंगवला. तरीही उरला म्हणून बाहेरूनही रंगवला. वहिनी तेव्हा घरात नव्या होत्या, त्यांनीच डबा धरला होता; तू कामावर होतास. युद्ध पंधरवड्यात संपलं आणि दिवा माळ्यावर गेला. "खाली हिरवा आहे बघा," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, वहिनी, हे तुम्ही कधी बोलला नाहीत?

"मला कोणी विचारलंच नाही, भाऊजी. तुम्ही दोघं चुंबक लावत बसायचात."

मी त्यांच्याकडे पातं मागितलं. इनास, तुझा नियम मी मोडला. समोर खुद्द डबा धरणारी साक्षीदार बसली होती, तरी मला वाटत होतं की काळ्याखाली काळंच निघेल, आणि त्याखाली पुन्हा काळं. पहिल्या खरवडीला हिरवा दिसला. पोपटी हिरवा. मग मी दिवा उलटा केला आणि तळाशी, सायकलला बसवायच्या पट्टीच्या आड, हळूहळू खरवडत गेलो. तिथे पत्र्यात एक शिक्का उठलेला होता. आयएसआय. स्वतंत्र भारत सरकारचा, मिक्सरवर आणि गॅसच्या शेगडीवर असतो तो. तुझ्या वडिलांच्या वेळी हा शिक्का जन्मालाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला मी पहिला आत शिरलो. जिना चढताना सगळा वेळ एकच धास्ती, की खाट रिकामी असेल. नव्हती. दिवा पिशवीतून काढून तुझ्या पोटावर ठेवला, उलटा, शिक्का वर. तू चष्मा लावलास. बराच वेळ बघितलंस.

"सावंत, तू रंग खरवडलास?"

मी म्हटलं, हो.

"नऊ वर्षं शिकवलं तुला."

मी म्हटलं, शिक्का वाच. तू म्हणालास, वाचला. मी वहिनींचं, दादांचं, फळ्याच्या रंगाचं सगळं सांगितलं. तू म्हणालास, "तिला दाखवलास?" आणि तोंडावर हात धरलास. तू हसत होतास की काय, ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्या अहवालांना किती किंमत द्यायची ते मला तेव्हा कळलं होतं, म्हणून इथे नुसतं लिहितो की तोंडावर हात धरलास.

मग हात काढलास आणि म्हणालास, "हा दादाचा. मग बाबांचा कुठे आहे?"

"बावखलात. तुझी आई म्हणाली तिथे."

"मी सहा वर्षांचा होतो आणि रडत होतो. आई काहीही म्हणाली असती." तू माझ्याकडे बघितलंस. "तू तपासणारा माणूस आहेस. तू सांग. बहुधा नको."

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला जिन्यातच पडला होता. आयएसआयच्या शिक्क्याने एवढंच सिद्ध होत होतं की हा दिवा तो नव्हे. तू तो परत ठेवलास की नाही, यावर त्याचं काही म्हणणं नव्हतं. बावखलही आता राहिलं नाही. चार वर्षांपूर्वी भराव टाकून तिथे बिल्डिंग उभी राहिली. पुरावा पार्किंगच्या खाली. मी तोंड उघडलं, आणि वेळ संपल्याची घंटा वाजली. मला घंटेचे उपकार वाटले. मी म्हणालो, उद्या सांगतो.

पहाटे वहिनींचा फोन आला. पहिल्या घंटीलाच मला कळलं होतं. पाच घंट्या होईपर्यंत मी फोन उचलला नाही.

उद्या सांगतो, असं मी तुला म्हणालो होतो. सांगायला उशीर झाला आहे, पण तपासाशिवाय सांगणं तुला चाललं नसतं, आणि तपास मी तू गेल्यावर नवव्या दिवशी केला. आपण दोघांनी इतकी वर्षं दिवे ओळखले. कोणता कधीचा, कुठला, कशाचा. ब्लॅकआउटचा दिवा सायकलला लावून अंधारात रस्त्यावर नेऊन बघावा, हे तू कधी केलं नाहीस कारण तुला भीती होती, आणि मी केलं नाही कारण मला सुचलं नाही.

गिरीजला लाइट गेले तेव्हा मी तुझ्या सायकलला दादांचा दिवा बसवला. काच अर्धी काळी, वाटी काळी, तुझ्या वडिलांच्या दिव्यासारखीच. नवा बल्ब, नवे सेल, म्हणजे लढाईच्या टंचाईत त्यांना मिळाले असतील त्यापेक्षा चांगले. सायकलवर बसायचं धैर्य झालं नाही, हातात धरून चालत निघालो. वहिनी दारात उभ्या राहिल्या.

उजेड पुढच्या टायरवर पडत होता. टायरपुढे हातभर रस्ता, तोही असेल असं वाटण्याइतपत. त्यापलीकडे काही नाही. केळींची पानं एकमेकांवर घासल्याचा आवाज दोन्ही बाजूंनी यायचा आणि दरवेळी वाटायचं कोणी चालत येतंय. मी एकोणसाठ वर्षांचा, कशावर विश्वास न ठेवणारा माणूस, मनात पावलं मोजत होतो. मागे वळून बघितलं तर वहिनींचं दार दिसेना. वळण कुठे सुरू झालं ते कळलं नाही. कळलं ते चाक थडकलं तेव्हा. बिल्डिंगच्या कंपाउंडची भिंत. माझ्यापासून एका चाकाच्या अंतरावर, माणसाच्या उंचीची, पांढरा चुना लावलेली भिंत होती, आणि दिवा चालू असताना ती मला दिसली नव्हती.

तिथे भिंत नसती तर बावखल असतं.

मी सायकल धरून तसाच उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. तुझ्या साठ वर्षांतली फार तर दहा मिनिटं माझ्या वाट्याला आली असतील, आणि तेवढ्यात माझा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गेलो, या वेळी तू तुळिंजला मला दिलेला, चिरेचा, लढाईतला खरा दिवा लावून. त्याने टायरसुद्धा नीट दिसला नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. तू दिवा परत लावून ठेवलास की नाही, ते मला माहीत नाही, तुला माहीत नव्हतं, आणि कोणालाच कधी कळणार नाही. पण ठेवला असतास तरी त्या पहाटे त्यांना पाणी दिसलं नसतं. ते दिवे दिसण्यासाठी बनवलेलेच नव्हते. हुकूम पाळण्यासाठी बनवले होते. आणि दिवा सायकलला नसेलच, तर हँडल हातात धरणाऱ्या मोठ्या माणसाला ते दिसलं असणार. तरीही ते निघाले, कारण दिव्याने काही फरक पडत नाही हे त्यांना रोजच्या सवयीने ठाऊक होतं. सहा वर्षांच्या मुलाचा यात कुठेही संबंध लागत नाही. यात बहुधा नाही. हे मी तुला त्या घंटेच्या आत सांगू शकलो असतो, जर मी तेव्हा तेवढा घाबरलो नसतो. आता उरलेली भीती याची, की त्या शेवटच्या रात्री तू ट्यूबकडे बघत मनात काय धरून गेलास. सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, ट्यूब चालूच होती.

तुळिंजच्या ढिगातून तू मला उचललंस, शंका घ्यायला शिकवलंस, ती तुझ्यावरच चालवायला दिलीस, आणि मी चुकलो तेव्हा रागावला नाहीस. रागावलास ते फक्त रंगासाठी. याबद्दल काय म्हणायचं असतं ते मला येत नाही.

हे सगळं छापायचं का, म्हणून वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, झोपेत ते रोजच बोलायचे, मला काही नवीन नाही.

नगरसेवकांनी गावच्या वाचनालयात तुझ्या दिव्यांसाठी काचेचं कपाट द्यायचं ठरवलं आहे. मधल्या कप्प्यात 'महायुद्धातील ब्लॅकआउटचा ऐतिहासिक दिवा' ठेवायचा, त्यावर छोटा बल्ब सोडायचा आणि माझ्या अक्षरात माहिती लिहायची, असा बेत आहे. माझा तो जुना अहवाल त्यांना कुठून मिळाला कोण जाणे, पण त्यांना तो फार आवडला. मी तो परत घेतला आणि फाडला. नवी चिठ्ठी लिहिली: सायकलचा दिवा, देशी, आयएसआय मार्क, शाळेच्या फळ्याचा रंग. त्यांना ती जरा कमी वाटली. मी चिठ्ठी घेऊन गिरीजला गेलो, दिवा आणायला.

वहिनींनी उरलेला काळा रंग रॉकेलचा बोळा आणि भांड्यांची तारेची घासणी लावून काढून टाकला होता, काचेवरचा आणि आतला सुद्धा. लाइट गेले की त्या हाच दिवा घेऊन मागे कोंबड्या कोंडायला जातात. उजेड बरा पडतो, म्हणाल्या.